चार गिलास आंबिलीचा पंचनामा

मला हसू फार. आता दात नाहीत तरी येतं, तेव्हा तर सगळे दात शाबूत होते. लग्न होऊन उदगीरहून इकडं आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "बाई, तुझा नवरा सरकारी माणूस हाय. चारचौघांत खिदळू नगंस." मी 'व्हय' म्हणाले आणि 'व्हय' म्हणतानाच मला हसू फुटलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

नवरा माझा गिरदावर. पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. राज्य हैदराबादचंच, पण हुकूम रोज नवे. ह्यांना मुडबीच्या अलीकडच्या एका गावात नेमलं होतं. आसपासच्या गावांच्या शेतांवर जायचं, कोण काय पेरतंय, कुठलं शेत कुणाच्या ताब्यात आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, आणि लिहून तहसीलदाराकडं पाठवायचं, हे गिरदावराचं काम. म्हणजे तसं बघितलं तर काहीच नाही, आणि तसं बघितलं तर शेतकऱ्याचा जीव त्यांच्या टाकाच्या टोकावर.

आधीचे गिरदावर मामूल घ्यायचे. मामूल म्हणजे लाच नव्हे, असं मला शेजारणीनं अगदी समजावून सांगितलं होतं. "लाच मागावं लागतंय गं, मामूल आपूआप येतंय." सुगीला ज्वारी, सणाला तूप, शेंगांच्या दिवसांत शेंगा, आणि गिरदावर शेत बघायला आला की कोंबडी. आमच्या ह्यांनी पहिल्या आठवड्यातच दारात आलेलं तुपाचं गाडगं परत पाठवलं, आणि तिथून जी गंमत सुरू झाली ती काय सांगू! गावाला वाटलं, ह्या गिरदावराला गाडगं कमी पडायलंय. दुसऱ्या दिवशी मोठं गाडगं आलं. ते परत गेलं तर घागर आली. घागर परत गेली तर एक जण शेळी घेऊन आला, ती परत केली तर चार दिवसांनी दुभती म्हैस आमच्या अंगणातल्या खांबाला बांधून पळून गेला. माय वं! हे दावं धरून गावभर फिरले. "ही म्हैस कुणाची?" ज्याला विचारावं तो हात जोडायचा, "आमची न्हाई सायेब, तुमचीच हाय की!" शेवटी कंटाळून ह्यांनी दावं सोडलं. म्हैस शहाणी, ती सरळ आपल्या गोठ्याकडं निघाली, आणि आमचे गिरदावरसाहेब टोपी सावरत तिच्या मागं मागं. मी दाराआड तोंडात पदर कोंबून इतकी हसले की पोटात कळ आली.

"कामून हसायलीस?" हे घरी येऊन चिडले.

"तुमचा भाव वाढायलाय की!" मी म्हटलं. "आता न्हाई म्हणाल तर हत्ती येईल."

हे काही हसले नाहीत. हे हसायचेच नाहीत. ताठ बसायचे, ताठ चालायचे, सायकलवर बसले तरी पाटावर बसल्यासारखे ताठ. मला त्याचंही हसू यायचं.

त्या साली कुळांचा नवा कायदा आला होता. जो कूळ म्हणून शेत कसतो त्याचं नाव एकदा कागदावर चढलं की मालकाला त्याला उठवता येणार नाही, असा तो कायदा. आमच्या गावाच्या ओढ्याकाठी एक शेत होतं. मालक हुलसूरला राहणारा, व्यापारी, अशी त्याची पाच-सहा गावांत शेतं. हे शेत कसायची एक विधवा बाई. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं. आधी तिचे आजेसासरे कसायचे, मग सासू-सासरे, मग नवरा, तो गेल्यावर ती आणि तिच्या दोन मुली. अर्धं पीक मालकाच्या घरी जायचं, पण कधी एक चिठोरं तिच्या हातात आलं नव्हतं. आता कायदा आला तसा मालक म्हणायला लागला, "कसलं कूळ? ही माझी मजूर हाय. शेत मीच करतो." गिरदावरानं मजूर असं लिहिलं की झालं, उभी ज्वारी सोडून बाईला पोरींना घेऊन बाहेर पडावं लागणार होतं. मी अक्काला तोवर पाहिलं नव्हतं, तिनं मला पाहिलं नव्हतं. नुसतं ऐकून होते.

मालक हुशार. त्यानं ह्यांना निरोप धाडला, "सायेब, चौकशीला येळवसेलाच या. माझं शेत, माझी खोप, माझी आंबील. काय बघायचं ते सगळ्या गावासमोर बघा."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. पौष लागायच्या आधीची. आमच्या इकडं हा सण घरात नसतोच, शेतात असतो. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. बाया डोक्यावर पाट्या घेऊन निघतात, पाटीत शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, उंडे, धपाटे, खीर, आणि गडी आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर, खांद्यावर घेतो. शेतात कडब्याची खोप करायची, खोपीत पाच दगड, ते पाच पांडव, त्यांना चुना लावायचा, पूजा करायची, शेताला आंबील शिंपत फेरा घालायचा आणि मग दिवसभर खायचं. स्वतः खायचं आणि बांधावरून जो जाईल त्याला हाताला धरून आणून खाऊ घालायचं. ओळख असो, नसो, भांडण असो. येळवसेला 'नको' म्हणणाऱ्याची पुढच्या येळवसेपर्यंत चर्चा होते. आणि पूजा कोण करणार? जो शेत कसतो तो. म्हणून मालकाला तोच दिवस पाहिजे होता.

हे म्हणाले, "ठीक हाय. ताबा बघायचा तर त्याच दिवशी दिसंल." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "गाव रिकामं असणार, तू एकटी कुठं राहतीस, चल संगं. पण एक ध्यानात ठेव. कुणाच्याच खोपीत घासभर खायचं न्हाई."

"येळवसेला?"

"येळवसेला."

घरून भाकरी आणि पिठलं फडक्यात बांधून घेतलं. येळवसेला पिठलं! मला त्या गाठोड्याची लाज वाटत होती.

शिवारातून जाणं म्हणजे काय दिव्य होतं! प्रत्येक बांधावरून हाका. "बर्री बर्री, या सायेब, या वैनी!" हे हात जोडून म्हणायचे, "सरकारी कामावर हाय." एका म्हाताऱ्यानं सायकलचं कॅरिअर धरून ठेवलं, म्हणाला सरकारला पोट न्हाई का. दुसऱ्यानं ह्यांच्या पाया पडायचं नाटक करून पायच धरले. आंबील थोडी आंबलेली असते, उन्हात अजून आंबते, आणि दुपारपर्यंत सगळं शिवार जरा डुलायला लागतं. एक पाटलीणबाई मला मिठी मारून रडली, का ते तिलाही ठाऊक नव्हतं. हे घामाघूम, मी हसून हसून लाल, आणि पोटात कावळे.

मालकानं खोप अगदी गाडीवाटेला लागून केली होती, साहेबांना चालायला लागू नये म्हणून. काय तो थाट! खोपीवर शाल, खाली जाजम, आणि साहेबांसाठी गावातून आणलेली खुर्ची. पटवारी आधीच येऊन बसलेला. गावचे पाच पंच जाजमावर. खोपीत पाच दगड चुन्यानं पांढरेशुभ्र. मालक धोतर सावरत म्हणाला, "बघा सायेब, पूजा माझ्या हातची. बसा, आधी जेवण करा."

"आधी काम," हे म्हणाले आणि उभ्या उभ्या प्रश्न विचारायला लागले. धान्य कुणी पेरलं, बैल कुणाचे, असलं. मला तिथं काय काम? मी म्हटलं, जरा पाय मोकळे करते, आणि ज्वारीत शिरले.

ज्वारी माझ्याहून उंच. दहा पावलं गेले की दिशा कळेना. पलीकडून बायकांच्या बोलण्याचा आवाज आला, त्याच्या रोखानं गेले तर शेताच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्यावर, लिंबाच्या झाडाखाली एक बारकी खोप. चार पेंढ्यांची. एक बाई आणि दोन मुली खाली बसून खायला लागल्या होत्या, दबक्या आवाजात, आणि तरी मधूनच हसत होत्या. मला बघून दचकल्या. मग बाई उठलीच.

"ये गं माय, बस. कुणाच्या घरची हाईस? नवी दिसायलीस."

"वाट चुकले," मी म्हटलं.

"वाट चुकली तर आंबील पे, आपोआप सापडंल."

"नको हो."

"येळवसेला नको?" तिनं असं काही बघितलं माझ्याकडं की मी बसलेच. मी कोण ते मी सांगितलं नाही, तिनंही पुन्हा विचारलं नाही. खरं सांगते, ह्यांचं बजावणं त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात भज्जीचा वास होता. पहिला गिलास आंबील एका दमात गेला. गार, आंबट, जिऱ्याची, लसणाची. मग भज्जी, मग उंडा, मग आणखी गिलास. लहानी मुलगी माझ्या नाकाला लागलेली आंबील दाखवून हसली, मी हसले, मग सगळ्याच हसायला लागलो. अजून एक गिलास. अजून एक. ऊन छान होतं, आणि मला ती बाई माझी सख्खी बहीणच वाटायला लागली.

तेव्हा माझी नजर खोपीत गेली. पाच दगड. पण हे दगड असे तसे नव्हते. चुन्यावर चुना, त्यावर चुना, पोपडे धरलेले, कोपरे सुटलेले, अर्धे मातीत रुतलेले. एका दगडाला तर लिंबाच्या मुळीनं कवेत घेतलं होतं.

"हे कधीपासून हायेत इथं?" मी विचारलं.

"सासूच्या सासूपासून. आधी ती चुना लावायची, मग माझी सासू, आता मी. पांडव हालवत नसतात माय. शेत सोडून जाताना बी पुढच्याला आधी पांडव दाखवून जातेत." मग आवाज उतरवून म्हणाली, "औंदा मालकाचे गडी म्हणले खोप करू नगंस, गिरदावर यायलाय. पर पूजा चुकवायची कशी? म्हणून अशी चोरून बसलेय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि उजेडाबरोबर आंबीलही चढली होती. मला वाटेवरच्या खोपीतले ते कोरे करकरीत दगड आठवले आणि असं हसू आलं, असं हसू आलं, की मी तशीच उठून ज्वारीतून धावत सुटले. दोनदा पडले. खोपीपाशी पोचले आणि पंच, पटवारी, मालक सगळ्यांसमोर ओरडले, "अहो! पांडव तिकडं हायेत! हे पांडव न्हाईतच, हे तर ओढ्यातले दगड हायेत!"

मग एका पंचानं, सत्तरीचा असेल, वाकून एक दगड उचलला. खालच्या बाजूला शेवाळ, हिरवंगार, ओलं. दुसरा उचलला, तो फुटक्या जात्याचा तुकडा निघाला. म्हातारा मालकाकडं बघून म्हणाला, "शेठ, पांडव दळायला बसविलासा व्हय?" आणि सगळी पंचमंडळी जाजमावर आडवी. जो जन्मभर येळवसेची आंबील बसल्या जागी आयती प्याला, त्याला आपल्याच शेतातले पांडव कुठं आहेत ते ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, दगड ते दगड.

सगळे ज्वारीतून लिंबाखाली गेलो. पंचांनी एकेक दगड चाचपून पाहिला, नखानं चुन्याचे थर मोजले. अक्का उभीच राहिली होती. तिनं ह्यांना ओळखलं, मग मला ह्यांच्या शेजारी पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"ही गिरदावरीण हाय?" ती म्हणाली. "देवाशपथ सायेब, मला ठाऊक न्हवतं."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या ओठावर आंबिलीची मिशी होती. "तू प्यालीस?"

"थोडी."

मालकानं टाळीच वाजवली. "झालं तर! सायबांच्या बाईनं हिच्या खोपीत जेवण केलं. आता कसला पंचनामा अन् कसलं काय! तालुक्याला सांगतो मी हे."

माझं हसू जागच्या जागी थिजलं. त्या बाईचं शेत चार घोटांसाठी मी घालवलं होतं. ती माझ्याकडं बघत नव्हती, मुलींकडं बघत होती. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

हे शांतपणे लिंबाखाली मांडी घालून बसले. कागद काढले, दौत ठेवली, दगडांचं सगळं लिहिलं, पंचांच्या सह्या-अंगठे घेतले. मग नवीन कागद घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, पुढं या. जबाब द्या. नाव?"

"तुम्हाला ठाऊक न्हाई का?"

"सरकारला ठाऊक न्हाई."

नाव सांगितलं. "नवऱ्याचं नाव?" मी पदर तोंडाशी नेला. आमच्यात नवऱ्याचं नाव असं कसं घेणार, आणि तेही नवऱ्याच्या तोंडावर? "नवऱ्याचं नाव सांगा, बाई. जबाब अपुरा राहतो." म्हातारा पंच खुदखुदायला लागला. "उखाणा घे पोरी, येळवस हाय!" मला काही सुचेना, आंबील मात्र सुचवत होती. म्हटलं,

"पाच पांडव चुन्याचे, खोप हाय कडब्याची,
...रावांचं नाव घेते, चव लागली आंबिलीची."

नाव इथं सांगत नाही, एकदा घेतलं तेवढं बास झालं. पंच लोळायला लागले, पटवारी मालकाचा माणूस असून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हे ताठच. फक्त कानाच्या पाळ्या लालभडक. अख्खा उखाणा त्यांनी शब्दन् शब्द लिहून घेतला.

"गिलास किती?"

"दोन."

त्यांनी टाक खाली ठेवला.

"चार," मी म्हटलं. "आणि दीड द्रोण भज्जी. एक उंडा."

लिहिलं. खाली स्वतः लिहिलं, की माझ्या पत्नीनं एका पक्षाकडं अन्न घेतलं आहे, तरी तहसीलदारसाहेबांना वाटल्यास दुसऱ्या अंमलदाराकडून पुन्हा चौकशी करावी. आणि मालकाला वाचून दाखवलं. मालकाचं तोंड उघडंच राहिलं. सांगायला तालुक्याला जायचं होतं तेच ह्यांनी लिहून टाकलं होतं.

वाटेत मी भांडले. रडून भांडले. "तुमचा खरेपणा त्या बाईच्या उरावर कामून? आंबील मी प्याले, शेत तिचं जाणार!"

"लपवलं असतं तर नक्की गेलं असतं," हे म्हणाले. बाकी काही नाही. मी तीन दिवस बोलले नाही. माझ्यासाठी तीन दिवस म्हणजे काय, ते घरच्यांनाच ठाऊक.

पुढं तालुक्याला पेशी झाली. मी नव्हते, पण म्हाताऱ्या पंचानं येऊन साग्रसंगीत सांगितलं. मालकाच्या वकिलानं उठून माझ्या जेवणाची गोष्ट काढली, तर तहसीलदार म्हणाले, बसा, ते सगळं इथं आहे, आणि माझा जबाब मोठ्यानं वाचला. उखाण्यासकट! कचेरी गडगडली. मग तहसीलदारांनी ह्यांना बाजूला ठेवून आपल्या कचेरीतला कारकून, पेशकार, शेतावर धाडला. त्यानं दगड पाहिले, शेजारच्या बांधवाल्यांना विचारलं, आणि तेच लिहिलं. अक्काचं नाव कूळ म्हणून चढलं.

दोन दिवसांनी ती दारात आली. डोक्यावर हुरड्याची पाटी. हे म्हणाले, "अक्का, हे परत न्यावं लागंल." मला वाटलं ती हसेल, पण ती पायरीवर बसली आणि रडायला लागली.

"घ्या सायेब, पाया पडते. न देता मिळालेलं उद्या कुणी बी काढून घेईल. काही दिल्याबिगर ते माझं कसं हुईल?"

ह्यांनी आतून कागदाची नक्कल आणली. तिला वाचता येत नव्हतं. हे तिच्या शेजारी, पायरीवर, मांडी घालून बसले आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. तिचं नाव, सासऱ्याचं नाव, शेताच्या चार बाजू. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

"म्हंजे हे आधीपासूनच माझं हुतं?"

"व्हय. मी नुसतं बघून लिहिलं."

"तुमच्या आधीच्यांना बी नुसतं बघून लिहिता आलं असतं?"

"आलं असतं."

ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली, सासूच्या वेळचं, नवऱ्याच्या वेळचं, आपलं. मग पदरानं डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं, माझ्याहून मोठं, माझ्याहून वाईट.

"आगं माय," ती म्हणाली, "म्हंजे त्या समद्या कोंबड्या फुकटच मेल्या की गं!"